वकीलसाहेबांच्या हबचं गळतं

तेलकट जागेवर धूळ आपोआप बसते, ती कुणी आणून टाकावी लागत नाही. नव्या पेठेतल्या अमीनभाईच्या सायकल दुकानावर किस्से तसेच बसायचे. दुरुस्तीला सायकल दिली की माणूस अडकला, अडकला की बाकड्यावर बसला आणि बसला की बोलला! त्यातून सायकल गिअरची असेल, तर तो इतक्यांदा अडकायचा की बाकड्यावर त्याची जागाच ठरून जायची. माझीही ठरली होती. डाव्या कोपऱ्याला, जिथं बाकडं डुगडुगतं तिथं.

त्या काळी सोलापुरात साध्या सायकली बक्कळ होत्या. पण मागच्या चाकाच्या मधोमध असणाऱ्या हबच्या पोटात तीन गिअर असलेली विलायती सायकल बाळगणारे आम्ही मोजकेच. एक वकीलसाहेब, एक डॉक्टर, एक साखर पेठेतले हातमागवाले नरसय्या, आणि एक मी, गिरणीच्या ऑफिसातला कारकून. माझी सायकल जुनी होती. आमचा गोरा वीव्हिंग मास्तर विलायतेला परत जाताना ती मागं सोडून गेला. का सोडून गेला, ते मला पुढं कळलं.

आता गिअर कशासाठी असतो? चढासाठी. आणि सोलापुरात चढ पाहिजे असेल तर आधी किल्ल्याच्या खंदकात उतरावं लागतं! त्यामुळे गिअरचा उपयोग आम्हाला जन्मात कळला नाही. उपद्रव मात्र रोज कळायचा. तो हब गळायचा!

हबला वरून एक टिचभर झाकण असे. त्यातून तेल आत सोडायचं, कारण आत दातेरी चाकांचा सगळा संसार. आत गेलेलं तेल कण्याच्या कडेनं बाहेर यायचं, तारांवरून धावेवर जायचं आणि तिथून थेट आमच्या पाठीवर. पांढऱ्या कोटावर मधोमध काळा पट्टा दिसला की लांबून लोक म्हणायचे, “गिअरवाले आले!”

घरात सायकल उभी करायची तिथं आमच्या मंडळींनी जर्मनची थाळी ठेवली होती. संध्याकाळी थाळी उचलताना बायको रोज एकच वाक्य म्हणायची.

“यापेक्षा म्हैस बांधली असती, तर खाली भांडं ठेवल्यावर दूध तरी मिळालं असतं!”

मी चहा पिऊन थाळी पुन्हा चाकाखाली सरकवायचो.

*

एवढं तेल येतं कुठून, याचा उलगडा वकीलसाहेबांच्या घरी झाला.

सायकलबरोबर आलेल्या इंग्रजी कागदावर सूचना होती की, हबमध्ये अधूनमधून एक चमचा पातळ तेल घालावं. यावर बाकड्यावर वाद पेटला. चमचा म्हणजे कुठला? डॉक्टर म्हणाले, औषधाचा. मी म्हणालो, चहाचा. नरसय्या म्हणाले, “आमच्यात चमचाच न्हाय. आमी हातानं खातो.”

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. “कायद्यात ज्या शब्दाची व्याख्या दिलेली नाही, त्याचा अर्थ स्थानिक रूढीप्रमाणे लावायचा असतो!”

त्यांच्या स्वयंपाकघरातली रूढी म्हणजे आमटीची पळी. गेली कित्येक वर्षं सगळं त्याच पळीनं वाढलं जात होतं. साहेब दर रविवारी देवपूजा आटोपून, सोवळ्यातच, हबला ती पळी दाखवायचे. तेल वर येऊन ओसंडलं की त्यांचं समाधान व्हायचं. समई भरल्यावर बाईमाणसाच्या चेहऱ्यावर येतं तसं.

अमीनभाईनं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “साब, ये हब है! हंडा नै!”

“आणि कमी पडलं तर?” साहेब म्हणाले. “सोसायचं कुणी? आम्हीच ना?”

खरं सांगायचं तर आम्ही सगळेच असे. तेल जास्त घातलं म्हणजे माया जास्त केली, अशी आमची समजूत. जावयाला जेवायला वाढतात तसं आम्ही हबला वाढत होतो आणि वर म्हणत होतो, गळतो कसा!

*

डॉक्टरांना मोहोळला एक पेशंट बघायला जायचं होतं. तिथं उतरल्यावर पुढं वाडीपर्यंत सायकल लागणार, म्हणून त्यांनी ती सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढवली. टपावर सायकल उभी कशी राहणार? क्लीनरनं आडवी केली आणि दोरीनं बांधली.

गिअरची सायकल आडवी करणं म्हणजे तेलाची बुधली आडवी करणं. पण क्लीनरला ते ठाऊक नाही आणि डॉक्टर पुढच्या सीटवर ऐटीत बसलेले.

हबच्या खाली एका शेतकऱ्याचं गाठोडं होतं. वाटेत इंजिन तापलं, ड्रायव्हर पाणी आणायला गेला, आणि सगळे बाभळीखाली उतरले. शेतकऱ्यानं गाठोडं काढलं, कडक भाकरी मोडली, वर शेंगाची चटणी घेतली आणि पहिला घास घेऊन थबकला.

गाठोड्यावरचा हबच्या तेलाचा काळा डाग डॉक्टरांना दिसला होता.

शेतकरी मात्र खुलला. शेजाऱ्याला म्हणाला, “आमची कारबारीन तेलाला लई चिकट वो! पन आज बगा, कसं सडळ हातानं सोडलंय. रुसवा गेला म्हनायचा!”

आणि त्यानं डॉक्टरांनाही आग्रह केला. “घ्या की सायब, लाजताय काय?”

डॉक्टर नको म्हणाले तर कारण सांगावं लागणार! बिचाऱ्यांनी अख्खी चतकोर खाल्ली. वाडीतला पेशंट चांगला ठणठणीत निघाला. डॉक्टरच दोन दिवस अंथरुणावर होते.

*

इथवर हसण्यावारी होतं. मग वकीलसाहेब म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभे राहिले आणि प्रकरण गंभीर झालं.

याआधी दोनदा उभे राहून दोनदा पडले होते. त्यात त्यांचा मेव्हणा बार्शीला मेंबर! वकीलीणबाई माहेरी जाऊन आल्या की घरात आठवडाभर ताटं आदळायची. एकदा बाकड्यावर साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “या खेपेला पडलो, तर बार रूममध्ये मला कुणी सरकून जागासुद्धा देणार नाही हो.” एरवी कोर्ट दणाणून सोडणारा माणूस हे कुजबुजत सांगत होता. मला खरंच वाईट वाटलं.

वॉर्डात गळके नळ फार. हिप्परग्याच्या तलावाचं पाणी काही कोसांवरून यायचं आणि घरात पोचायच्या आधी गल्लीत वाहून जायचं. साहेबांनी तोच मुद्दा धरला. पहिल्याच सभेत, सायकलच्या दांडीवर हात ठेवून, ते गरजले, “मला निवडून द्या! या वॉर्डातला एकही नळ गळणार नाही, ही माझी जबाबदारी!”

पुढं बसलेली एक म्हातारी उठली. तिनं साहेबांच्या मागच्या चाकाखाली बोट दाखवलं. तिथं धुळीत चांगलं बशीएवढं थारोळं झालं होतं.

“वकीलसायब, आदी हे तर बंद करा की!”

सभा तिथंच संपली. त्यांच्या विरोधात शिवलिंगप्पा अडते उभे होते. त्यांना भाषण येत नव्हतं, पण आयतं मिळालेलं सोडायचे नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांची माणसं गल्लीगल्लीत ओरडायला लागली, “आधी हब, मग नळ! आधी हब, मग नळ!”

डॉक्टर म्हणाले, “साहेब, पायी फिरा ना.”

“आता उतरलो तर तो म्हणेल, पळाला!” साहेब म्हणाले. “आता या सायकलवरच जिंकायचं!”

*

पण सायकलवर जिंकणं अवघड होतं आणि त्याचं कारण लवकरच कळलं.

साहेब सकाळी एकेक घर गाठून मतदारांना भेटायचे. बसायचे, चहा घ्यायचे, वचन घ्यायचे. वचन दिलेला माणूस संध्याकाळी बघावा तर शिवलिंगप्पांच्या ओट्यावर! एक नाही, सगळेच. साहेबांना वाटलं, आपल्यातच कुणी फितूर आहे. आठवडाभर ते माझ्याकडेसुद्धा संशयानं बघत होते.

शेवटी नरसय्यांनी शोध लावला. ते आपल्या माडीवरून खाली बघत होते. साहेब गल्लीतून गेले. थोड्या वेळानं शिवलिंगप्पांची दोन माणसं आली, कमरेत वाकून, जमिनीकडं बघत. एका घरापाशी थारोळं दिसलं की आत शिरायची. बाहेर आली की पुन्हा थेंब धरून पुढं!

साहेब प्रचार करत नव्हते, शत्रूला वाट आखून देत होते!

अमीनभाईला हे सांगितलं तर तो म्हणाला, “एक काम करो. साब को एक दिन मसणवटे की तरफ फिराओ. सब वहाँ जाएंगे!”

कुणी हसलं नाही. नाही म्हणजे, साहेब होते तोवर हसलं नाही.

*

आता गळतं बंद होणं भागच होतं. अमीनभाईच्या दुकानावर पाटीच होती, “गिअर हबचं गळतं बंद करून मिळेल. गॅरंटी.” साहेबांनी सायकल त्याच्या हवाली केली.

अमीनभाईनं दुपारभर काम केलं. संध्याकाळी साहेबांनी खाली पांढरा कागद अंथरून बघितलं. थेंब नाही! साहेबांनी त्याला मिठी मारली, कोटाची पर्वा न करता.

सायकल दुकानापासून कोपऱ्यापर्यंत गप होती. मग तिनं तोंड उघडलं. किर्र किर्र करत करत बुधवार पेठेत पोचली तोवर असा टाहो फोडला की टांग्याची घोडी उधळली. लोक दारात आले. कुणी म्हणालं, डुक्कर धरलंय वाटतं. त्या कल्लोळातून साहेब निघाले, नमस्कार करत!

तसेच परत दुकानावर आले. “अमीनभाई, काय केलंस?”

“तेल निकाल दिया, साब.”

“सगळं?”

“हौ! टपकने कू अंदर कुछ होना ना?” अमीनभाई शांतपणे म्हणाला. “गॅरंटी टपकने की थी. चिल्लाने की नक्को बोलो.”

साहेब वकील होते. त्यांनी गॅरंटीचा शब्द न् शब्द मनात तपासला आणि बाकड्यावर बसले. अशी पळवाट त्यांना स्वतःला सुचली असती, तर ते आठ दिवस खूष राहिले असते.

*

मग नरसय्या पुढं झाले. मागवाल्याला तेलाचा डाग म्हणजे वैरी. लुगड्यावर एक थेंब पडला तर लुगडं वाया! त्यामुळे गळत्यावर आपल्याइतका विचार सोलापुरात कुणी केला नाही, असं त्यांचं म्हणणं.

“कण्याच्या भवती फट हाय, तितनं येतंय. फट भरायची. आन् फट भरायला सुतासारखं काय न्हाय.”

त्यांनी उत्तम पिळाचं सूत आणलं आणि कण्याभोवती असं घट्ट, असं सुबक गुंडाळलं की बघत राहावं. दोन्ही बाजूंनी. शेवटाला दोन टोकं लोंबत ठेवली, पुढं सोडवायला सोपं जावं म्हणून.

साहेबांनी हबमध्ये पुन्हा पळी रिकामी केली आणि रात्रभर सायकल ओसरीवर होती. सकाळी वकीलीणबाई सडा टाकायला आल्या आणि ओरडल्या. हबमध्ये जे तेल एरवी आठवडाभर पुरायचं, ते सगळं एका रात्रीत ओसरीवर आलं होतं. दोन्ही टोकांतून अजून टिप टिप चालू होती.

नरसय्यांना बोलावलं. ते उकिडवे बसले आणि सुताचं टोक चिमटीत धरून बघायला लागले. वकीलीणबाई हात कमरेवर ठेवून उभ्या.

“नरसय्या, आमच्या घरी याला वात म्हणतात!”

“व्हय वयनी,” नरसय्या म्हणाले. “पन सूत लई चांगलं निगालं बगा. कसं वडून घेतंय!”

*

मतदान तोंडावर आलं. शेवटच्या सभेची जागा ठरली आणि शिवलिंगप्पांच्या माणसांनी सांगून ठेवलं की, सभेला आम्ही पहिल्या रांगेत बसू, चाकाखाली नजर ठेवून.

अशा वेळी साहेबांकडं मोहोळकडचं एक कुळकज्जाचं अशील आलं. बाहेर सायकल बघून त्यानं सहज विचारलं, “सायब, मोट कदी गळताना बगितली का?”

साहेब सावध झाले. “का रे?”

“आमी मोटंच्या कातड्याला करडीचं त्याल कडवून रोगन करतो आन् लावतो. एवडं पानी भरतं, पन थेंब गळत न्हाय. तुमच्या डबड्यात तर पानीबी न्हाय!”

साहेबांना हे पटलं. एवढं पटलं की त्यांनी आम्हालासुद्धा विचारलं नाही. अशिलानं करडीचं रोगण पाठवलं, काकवीसारखं दाट. साहेबांनी पळीनं आत सोडलं आणि सायकल दोन-तीन दिवस उन्हात उभी केली. सोलापूरचं ऊन! त्यानं आपलं काम चोख केलं.

सभेच्या दिवशी साहेबांनी टेबलावर नरसय्यांच्या मागावरचं पांढरंशुभ्र कापड अंथरलं आणि त्यावर सायकल चढवली. “नागरिकहो, बघा! मी बोलतो आणि हा हब बोलत नाही!”

साहेब तास दीड तास बोलले. कुणी ऐकलं नाही. सगळं मैदान कापडाकडं बघत होतं. शिवलिंगप्पांची माणसं तर टेबलाला नाक लावून बसलेली. भाषण संपलं, साहेबांनी कापड ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी लोकांपुढं पसरलं.

डाग नाही! एक ठिपका नाही!

काय टाळ्या पडल्या! ती पहिल्या सभेतली म्हातारीसुद्धा टाळ्या वाजवत होती. साहेबांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू. शिवलिंगप्पा उठून निघाले होते, ते लाजेखातर थांबले.

फक्त अमीनभाई माझ्याशेजारी उभा राहून नाकानं वास घेत होता. “अंदर क्या डाले?”

मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. हबच्या आत लहान लहान खिटके असतात, सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की ते उठून दात्यांना चावतात, तेव्हा चाक फिरतं. “रोगण सूख गया तो कुत्ते चिपक गए,” अमीनभाई पुटपुटला. “काटेंगे नै. पायडल खाली घूमेगा. साब को बोलो, चढो नक्को!”

मी धावलो, पण उशीर झाला होता. साहेबांनी सायकल खाली उतरवून घेतली होती. हार गळ्यात, फेटा डोक्यावर, समोर शिवलिंगप्पा. मैदानातून सायकलवर विजयानं बाहेर पडायचं हे त्यांनी कितीतरी दिवस मनात घोळवलेलं. ते चढले आणि जोरात पायडल मारलं.

पाय गर्रकन फिरले. सायकल जागेवरच!

साहेबांनी आणखी जोर लावला. पाय चरख्यासारखे फिरायला लागले. सायकल कलायला लागली. शिवलिंगप्पांनी मान पुढं काढली. आता हा माणूस इथं, या सगळ्यांसमोर पडणार, आणि मग निवडणुकीतही पडणार!

तेवढ्यात मागून कार्यकर्त्यांचा लोंढा आला. त्यांना काय माहीत! चौघा-पाचांनी उत्साहात सीटला हात घातला आणि “वकीलसाहेबांचा विजय असो!” म्हणत सायकल ढकलायला सुरुवात केली. ती सुटली. आणखी लोक धावले. जो तो हात लावायला बघत होता. साहेबांनी सायकल सावरली, छाती पुढं काढली आणि त्याच वेगानं पाय फिरवत, डावीउजवीकडं नमस्कार करत, चौकातून निघाले. बघ्यांना वाटावं, सगळा गाव हाच माणूस ओढून नेतोय.

“अमीनभाई,” मी घाम पुसत म्हणालो, “साहेब मेंबर होतील का हो?”

अमीनभाईनं त्या गर्रगर्र फिरणाऱ्या पायांकडं पाहिलं. मग मागून ढकलणाऱ्या गर्दीकडं पाहिलं.

“होंगे क्या बोलते?” तो म्हणाला. “देखो तो सई, हो गए!”